लाटा कोण सोडतं?

लोणावळ्याच्या अलीकडे डोंगराच्या उतारावर एक वॉटर पार्क आहे. तिथे मी लाटा सोडतो. कागदोपत्री मी ऑपरेटर आहे, पण गावात कुणी विचारलं की आई सांगायची, ‘‘माजा ल्योक लाटा सोडतो.’’ पाटाला पाणी सोडावं तसं.

आमचं गाव बेडसे. घरची थोडी भातशेती आहे, वडील गेल्यापासून ती आई बघायची. मी आयटीआयला वायरमनचं शिकलो आणि वराळ्याच्या बाजूला एका कारखान्यात कंत्राटावर लागलो. ते काम संपलं तेव्हा या पार्कात मोटारी आणि पंप सांभाळायला माणूस हवा होता. तिथे गेल्यावर कळलं की त्या मोटारी पाणी उपसायच्या नाहीत, लाटा करायच्या आहेत.

तलावाच्या खोल टोकाला एक उंच भिंत आहे आणि भिंतीमागे माझी खोली. मोठाले ब्लोअर भिंतीआडच्या कप्प्यांमध्ये हवा दाबतात आणि सोडतात. हवा दाबली की कप्प्यातलं पाणी खाली जातं, भिंतीखालच्या फटीतून तलावाला ढकलतं, आणि लाट निघते. त्याआधी मी भोंगा वाजवतो. भोंगा ऐकला की सगळी पोरंबाळं ओरडत पाण्याकडे पळतात. माझ्या खोलीला एक छोटी खिडकी आहे. तिच्यातून मला लाटांची पाठ दिसते, तोंड कधी दिसत नाही. खोल पाण्यात लाट नुसती उंचवट्यासारखी असते. पलीकडे फरशी वर चढत जाते, पाणी उथळ होतं, तशी ती उभी राहते आणि लोकांच्या अंगावर फुटते. मला दिसतात फक्त वर उडणारे हात आणि ऐकू येतो तो ओरडा.

पहिले काही महिने मला एक गोष्ट समजत नव्हती. कुणाची तरी चप्पल खोल टोकाला तरंगत असायची. लाटांवर लाटा तिच्याखालून जायच्या, ती वर व्हायची, थोडी पुढे सरायची, खाली यायची, पुन्हा मागे. सगळं सत्र संपलं तरी चप्पल जवळजवळ तिथेच. लाट पलीकडे गेली, मग ही का नाही गेली? सुपरवायझरला विचारलं तर तो म्हणाला, ‘‘तू ब्लोअरकडे लक्ष दे.’’ मी दिलं. दुसरी गोष्ट मात्र कुणी सांगायची गरज पडली नाही. बटण बंद केलं तरी निघालेली लाट थांबत नाही. एकदा एक म्हातारे गृहस्थ उथळ भागात घसरले. मी ताबडतोब बटण दाबलं, तरी मधल्या लाटा जायच्या त्या गेल्याच. खिडकीत उभा राहून मी बघत राहिलो. जीवरक्षकाने त्यांना उचललं, त्यांना फार लागलं नव्हतं. पण तेवढा वेळ मला काही करता आलं नाही, हे अजून आठवतं.

एकदा पार्क बंद असताना आम्हा कामगारांच्या घरच्यांना आत सोडलं होतं. आई आली. ठेवणीतलं लुगडं नेसून, उथळ टोकाला प्लास्टिकच्या खुर्चीत बसली. मी भोंगा वाजवला आणि लाटा सोडल्या. संध्याकाळी घरी ती हसत सांगत होती, ‘‘पाय वर घेतलं तरी येतंय पाणी! मी म्हनलं, अरं, ल्योक सोडतोय, मला काय करतंय ते.’’

त्याच दिवशी निघताना ती शेजारी पडलेल्या रबरी ट्यूबला अडखळून पडली. चांगली मोठी पिवळी ट्यूब होती. माझी बायको म्हणाली, ‘‘आत्या, एवढी दिसली नाही?’’ आई म्हणाली, ‘‘दिसली की. पाय पडला.’’ आम्हाला वाटलं, वय झालं. मग दाराच्या चौकटीला खांदा लागू लागला. ताटातल्या डावीकडच्या चटणीला ती हातच लावायची नाही, आणि विचारायची, ‘‘आज चटणी केली न्हाई व्हय?’’ तेव्हा तिला तळेगावला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

तिथे एक तपासणी असते. मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालायचं, समोरच्या एका ठिपक्याकडे बघायचं, आणि बाजूला कुठेही उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. आईला समजावून सांगायला मला आत बसू दिलं. तिचं तोंड यंत्रात होतं. तिला काय दिसतंय ते मला दिसत नव्हतं, पण तपासणाऱ्या मुलीच्या पडद्यावर सगळं उमटत होतं. उजेड चमकला आणि आईने बटण दाबलं नाही की तिथे काळं व्हायचं. मधोमध थोडी पांढरी जागा राहिली आणि बाजूने काळं भरत आलं. आई अगदी मन लावून बसली होती, अंगठा बटणावर, श्वास धरून. मला वाटत होतं ओरडून सांगावं, आता दाब, आता. पण तसं करून उपयोग काय होता.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी आईचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, ‘‘आजी, काचबिंदू आहे.’’

आई म्हणाली, ‘‘आमच्या जाऊबाईंचा काडला की त्यो. आठ दिसांत सुईत दोरा ओवायला लागल्या.’’

‘‘तो मोतीबिंदू. हा काचबिंदू.’’

‘‘मंग ह्यो बी काडा.’’

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग हळू आवाजात सांगितलं, की यात डोळ्यामागची नस सुकते. बाजूची नजर आधी जाते, ती गेल्याचं माणसाला कळतच नाही, मान वळवून वळवून तो काम भागवतो. गेलेली नजर परत आणता येत नाही, उरलेली टिकवायचा प्रयत्न करायचा. आईचं फार पुढे गेलं होतं. थेंब दिले, नंतर शस्त्रक्रियाही झाली. डाव्या डोळ्यात नजर जाण्याचा वेग कमी झाला, उजव्यात झाला नाही.

काचबिंदू कळला त्या दिवशी घरी येताना कामशेत ओलांडल्यावर आई म्हणाली, ‘‘एकदा खरा समुद्र दाव मला.’’

तिने समुद्र पाहिलेला नव्हता. घाट उतरला की कोकण, पण मावळातल्या तिच्या वयाच्या बायका कशाला घाट उतरतील? पंढरपूर, आळंदी, फार तर तुळजापूर. मीसुद्धा लाटा सोडायच्या नोकरीला लागेपर्यंत समुद्रावर एकदाच गेलो होतो, मित्रांबरोबर, आणि तेव्हा समुद्र बघण्याकडे आमचं फारसं लक्ष नव्हतं.

थंडीतल्या एका दिवशी शेजाऱ्यांची गाडी घेऊन मी, बायको आणि आई निघालो. अलिबागच्या पुढे एका गावाच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा सकाळच होती आणि गर्दी अजिबात नव्हती. सुरूच्या झाडांमधून बाहेर आलो आणि आई थांबली.

तिचं तेव्हाचं बघणं सांगितलं पाहिजे. नळीतून बघावं तसं तिला समोरचं तेवढंच दिसायचं. म्हणून ती मान थोडी थोडी फिरवत एकेक तुकडा बघत होती. उजवीकडून सुरुवात केली ती डावीकडे संपवली, आणि परत उजवीकडे. बराच वेळ. मग म्हणाली, ‘‘सगळ्या माज्याकडंच येत्यात रं.’’

मी म्हणालो, ‘‘व्हय, किनाऱ्याकडंच येत्यात.’’

‘‘न्हाई. मी हिकडं बघितलं तरी माज्याकडं, तिकडं बघितलं तरी माज्याकडं.’’

आम्ही तिला धरून पाण्यापर्यंत नेलं. फेस पायाला लागला तशी ती माझ्या दंडाला धरून हसली. मग विचारलं, ‘‘हितं कोण सोडतंय?’’

मला वाटलं ती गंमत करते आहे. म्हणालो, ‘‘वारं सोडतंय.’’

‘‘वारं तर आपल्या पाठीमागनं हाय.’’

खरंच होतं. बायकोचा पदर समुद्राकडे उडत होता. वारा जमिनीकडून पाण्यात चालला होता आणि लाटा त्याच्या उलट, आमच्याकडे येत होत्या. मी कधी असा विचारच केला नव्हता. माझ्या तलावाला एका टोकाला भिंत आहे, म्हणून लाट दुसऱ्या टोकाला जाते, त्यात कोडं काही नाही. इथे भिंत कुठे होती? मी म्हणालो, ‘‘विचारून सांगतो.’’

‘‘एवढं तुजं काम, आन् तुला ठावं न्हाई?’’ ती रागावून नव्हती म्हणाली. तिला आश्चर्य वाटलं होतं. मला ते जास्त लागलं. तिच्या डोळ्यांचं मला काही करता येत नव्हतं, निदान तिने विचारलेलं तरी सांगता यायला हवं होतं.

आमच्याकडे शाळांच्या सहली येतात. अशाच एका सहलीबरोबर विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई आल्या होत्या. गुडघे दुखत होते म्हणून त्या सावलीत बसून होत्या. सत्र संपल्यावर मी त्यांच्याकडे गेलो आणि विचारलं. त्यांना आधी वाटलं असावं की हा माणूस मुलांसाठी काही खेळ घेतोय. मग मी आईचं सांगितलं, आणि त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

त्या म्हणाल्या, ‘‘किनाऱ्यावर लागणारा वारा त्या लाटा करत नाही. लांब समुद्रात कुठे तरी वादळ झालेलं असतं, तिथला वारा पाण्याला ढकलतो. मग वादळ विरतं, पण लाटा चालत राहतात, कितीतरी दिवस. आणि त्या सगळ्या किनाऱ्याकडे निघालेल्या नसतात. दुसरीकडेही जातात, त्या आपल्याला दिसत नाहीत, एवढंच.’’

‘‘पण ज्या येतात, त्या अगदी समोरून कशा येतात? आई म्हणते, कुठेही बघितलं तरी तिच्याकडेच.’’

‘‘त्या वळतात. उथळ पाण्यात लाटेचा वेग कमी होतो. कवायतीची रांग चिखलात तिरपी शिरली, तर ज्यांचे पाय आधी चिखलात गेले ते रेंगाळतात, बाकीचे त्याच चालीने येतात. रांग आपोआप चिखलाकडे तोंड करते. तसंच.’’ मग त्या म्हणाल्या, ‘‘आणि लाटेबरोबर पाणी येत नाही, हे आईंना सांगा. पाणी जागच्या जागी गोल फिरतं. पुढे जातो तो नुसता जोर.’’

मला एकदम ती तरंगणारी चप्पल समजली. किती वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होतं ते. मी बाईंचे आभार मानले. घरी कधी जातो आणि आईला सांगतो, असं झालं होतं.

पण त्या आठवड्यात आईला ताप होता, मग पार्कात उन्हाळ्याच्या सुट्टीची गर्दी सुरू झाली, मी उशिरा यायचो. पावसाळा लागला, लावणी आली. आई बांधावर बसून बायांना सांगायची, रोपं सरळ लावा. एक दिवस मी बघितलं, ज्या खाचरात कुणीच नव्हतं त्या खाचराकडे तोंड करून ती सांगत होती. बाया लावत होत्या दुसरीकडे.  ‘‘व्हय मावशी, लावतो सरळ,’’ एवढंच त्या म्हणाल्या, कुणी हसलं नाही. मी बांधावर उभा होतो. आई म्हणाली, ‘‘आज आभाळ लय आलंय का रं? अंधारलंय.’’ ऊन पडलं होतं.

त्या पावसाळ्यात तिची नजर गेली म्हणायची. डाव्या डोळ्याला उजेड आणि अंधार कळतो, बाकी नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढा उजेड राहावा म्हणून थेंब चालू ठेवायचे.

लाटांचं मी तिला त्यानंतर सांगितलं. ओट्यावर बसलो होतो. चित्र काढून उपयोग नव्हता, म्हणून गोठ्यातला कासरा आणला. बैल विकून टाकले तरी कासरा तिथेच टांगलेला होता. एक टोक तिच्या हातात दिलं, दुसरं मी धरलं आणि झटका दिला. कासऱ्यातून उंचवटा सरसरत गेला आणि तिच्या मुठीला बसला.

‘‘आली?’’

‘‘आली की!’’

‘‘कासरा आला का तुज्याकडं? न्हाई. त्यो हितंच हाय. झटका तेवढा आला. लाट तशीच असती.’’

तिने मला पुन्हा पुन्हा झटका द्यायला लावला. मग मी वळण्याचं सांगितलं. कवायतीची रांग तिला काय कळणार, म्हणून बैल घेतले. ‘‘चिखलणीला औत तिरपं खाचरात घातलं, तर काय व्हतं?’’

‘‘आतला बैल रुततोय. भायेरचा फिरतोय.’’

‘‘मंग औत कुटं वळतं?’’

‘‘चिखलाकडं.’’ तिने हात हवेत वळवून दाखवला. ‘‘म्हंजी त्या माज्याकडं येत नव्हत्या. वळत व्हत्या.’’

‘‘व्हय.’’

‘‘आन् पाणी?’’

‘‘पाणी तितंच ऱ्हातं.’’

ती थोडा वेळ कासऱ्याचं टोक चाचपत राहिली. ‘‘मंग माज्या पायाला लागलं ते कुटलं?’’

‘‘ते हितलंच. किनाऱ्याचंच.’’

‘‘मी तर सगळ्यांस्नी सांगितलं, लय लांबनं पाणी आलं आन् माज्या पायाला लागलं.’’

मी म्हणालो, ‘‘पाणी न्हाई, पण जोर आला ना लांबनं.’’

‘‘जोर काय करायचाय?’’ असं म्हणून तिने कासरा खाली ठेवला.

इतके महिने मी ते उत्तर जपून ठेवलं होतं, तिला बरं वाटेल म्हणून. आणि तिच्याजवळ समुद्राचं जे काही उरलं होतं, त्यातलंच थोडं मी काढून घेतलं होतं. ते परत कसं द्यायचं, मला कळत नव्हतं.

म्हणून पुढच्या थंडीत मी तिला पुन्हा नेलं. बायको नको म्हणत होती. मला वाटलं, दिसत नसलं तरी आवाज आहे, वारा आहे, पायाला पाणी लागेल. तोच किनारा, तीच सुरूची झाडं. आई गाडीतून उतरली आणि घोंघावणारा आवाज ऐकून तिने माझा हात घट्ट धरला. ‘‘कुटं हाय?’’ तिने विचारलं. मी म्हणालो, समोर. तिने तोंड फिरवलं ते सुरूंच्या दिशेला. झाडांतूनही तसाच आवाज येत होता. मी तिचे खांदे धरून तिला समुद्राकडे वळवलं.

पाण्यात घोट्यापर्यंत उभे राहिलो. लाट आली, गेली. जाताना पायाखालची वाळू घेऊन गेली. आई किंचाळली.

‘‘मला वढतंय! अरं, वढून न्हेतंय मला!’’

‘‘काही न्हाई, मी धरलंय.’’

‘‘तूच म्हनलास पाणी कुटं जात न्हाई! मंग ह्ये काय?’’

मी तिला अर्धंच सांगितलं होतं. लांब, खोल पाण्यात ते खरं असतं. किनाऱ्याशी लाट फुटते तेव्हा पाणी खरंच धावत येतं आणि उतारावरून धावत मागे जातं. माझ्या तलावाच्या फरशीवर मी ते रोज बघतो. पण तिथे पायाखाली वाळू नसते, त्यामुळे कुणाला ओढल्यासारखं वाटत नाही, आणि मलाही सांगायचं सुचलं नव्हतं. आता सांगू लागलो तर ती ऐकेना. तिचे दोन्ही हात माझ्या शर्टात रुतले होते. पुढची लाट येताना मला दिसत होती, तिला दिसत नव्हती. मी म्हणालो, ‘‘आली, आता येतीय, भिऊ नको.’’ त्याने ती आणखीच घाबरली. मी तिला उचलूनच कोरड्या वाळूत आणलं. ती इतकी हलकी असेल असं मला वाटलं नव्हतं.

बायकोने तिचे पाय पुसले. मी नारळपाणी आणलं, ते तिने घेतलं नाही. गाडीत बसल्यावर म्हणाली, ‘‘मला आता कुटं न्हेऊ नका.’’ घाट चढून खंडाळ्याचा गार वारा लागला तेव्हा ती झोपली होती. बायको मागच्या सीटवर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. 

त्यानंतर समुद्राचं नाव तिने काढलं नाही, मीही काढलं नाही. नोकरी चालूच आहे. भोंगा वाजवतो, लाटा सोडतो, पोरं ओरडतात. आता कुणी विचारलं तर लाटांचं सगळं नीट सांगता येतं, अगदी मागे फिरणाऱ्या पाण्यासकट. विचारत कुणी नाही.

आई घरात बसून राहत नाही. काही तरी काम द्या म्हणते. म्हणून बायको तिच्यापुढे तांदळाचं ताट ठेवते. ती बोटांनी एकेक दाणा चाचपून निवडते, खडे वेगळे काढते. सबंध सकाळ जाते त्यात. मग ते तांदूळ आत नेऊन बायको स्वयंपाकघरात सुपात घेते आणि हलक्या हाताने पुन्हा निवडते, कारण खडे राहिलेले असतात आणि चांगले दाणेही टाकलेले असतात. आवाज होऊ नये म्हणून ती दार लोटून घेते.

परवा मला सुट्टी होती. आई ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती, मी तिच्या डोळ्यांत थेंब घालत होतो. मान वर, डोळे उघडे, थेंब गालावरून ओघळतोय. आतून सुपाचा बारीक आवाज आला. आईने मान तशीच ठेवून हाक मारली, ‘‘परत निवडतीस व्हय गं?’’

आतला आवाज थांबला. बायको सूप हातात धरून दारात आली. तिने माझ्याकडे बघितलं. मी थेंबांची बाटली धरून उभा होतो. 

आईने पदराने गाल पुसला. म्हणाली, ‘‘निवड, निवड. ऱ्हायला आसंल एकादा खडा.’’